वारं पडल्यावर

डॉक्टरांनी आधी बाटली मागितली. फवारणीचा गडी स्ट्रेचरवर आडवा, तोंडातून लाळेचा फेस, सदरा घामानं अंगाला चिकटलेला, दंडाचं आणि पोटरीचं मांस कातडीखाली आपोआप फुरफुरतंय. डॉक्टर त्याच्या पापण्या वर करून बॅटरी मारत होते आणि आमच्याकडं न बघताच विचारत होते, "कुठलं औषध मारत होता? बाटली आणलीय का कुणी?" फळछाटणीनंतरचे दिवस. तासगाव भागात त्या दिवसांत द्राक्षावरचे डावणी, भुरी हे रोग आणि फवारणी यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो. मी दिवाळीला माहेरी आले होते. चुलतभावाच्या, आण्णाच्या, बागेत गडी पडला म्हटल्यावर त्याच्या बायकोजवळ कुणीतरी बाईमाणूस हवं म्हणून जीपमध्ये बसले. सांगलीपर्यंत तिनं एकदाही हंबरडा फोडला नाही. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन पदरानं त्याचं तोंड पुसत राहिली, आणि त्या पदराला लसणासारखा उग्र वास येत होता. दवाखान्यात डॉक्टरांच्या प्रश्नावर आण्णा म्हणाला, "वारं फिरलं हो डॉक्टर. एकाएकी वारंच फिरलं." डॉक्टर म्हणाले, "वाऱ्याचं राहू द्या दादा. औषधाचं नाव सांगा." कुणी बोलेना. विषबाधेची केस म्हणजे पोलिसांत नोंद. रान कुणाचं, औषध कुणी आणलं, तोंडाला बांधायला काय दिलं होतं, सगळं कागदावर येणार. तेवढ्यात तिनं हातातल्या पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "ही घ्या सायेब. ह्यातलंच हाय." तिला वाचता येत नाही. पिवळ्या त्रिकोणाची बाटली, तळाशी थोडं औषध राहिलेलं, मानेला रबरानं बांधलेली माहितीपत्रकाची घडी. डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि सिस्टरना म्हणाले, "ॲट्रोपिन काढा."

गडी वाचला. दिवाळीचा फराळ त्यानं घरी बसून खाल्ला. पण आण्णाचं ते वाऱ्याचं वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना.

आणि ती बुबुळंही. टाचणीच्या टोकाएवढी झालेली, भर उजेडात आणि अंधारात सारखीच. मी ती त्याआधी वाचली होती. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियाची राजधानी दमास्कसजवळच्या घूता भागावर विषारी वायूचा हल्ला झाला, तेव्हा तिथून ज्या बातम्या आल्या त्यांत तिथल्या डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं: आकसलेली बुबुळं, तोंडाला फेस, झटके, गुदमरणं. टीव्हीवर लहान पोरांची रांग दाखवत होते, पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, आणि कुणाच्याही अंगावर रक्ताचा थेंब नव्हता. त्या वेळी माझ्या मुलाचं वय त्या रांगेतल्या एखाद्या पोराइतकंच होतं. मी टीव्ही बंद केला आणि भाकरी थापायला गेले. तवा तापला, भाकरी फुगली, सगळं रोजच्यासारखं झालं, आणि त्या रोजच्यासारखं होण्याचाच मला राग आला. कुणाचा ते नीट कळत नव्हतं.

घूतात वापरलेलं सारिन हे विष आणि आपल्या कृषी सेवा केंद्रातली कितीतरी औषधं एकाच कुळातली आहेत. शरीरात घडतं तेही तेच. मज्जातंतू स्नायूला आवळायला सांगतो, आणि निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं. हे विष त्या पुसणाऱ्यालाच बांधून टाकतं. मग निरोप पुसला जात नाही. स्नायू आवळलेलाच राहतो, लाळ थांबत नाही, फुप्फुसं आपल्याच पाण्यानं भरतात. वेलीवरच्या मिलीबग किडीचं जे होतं तेच माणसाचं होतं, फरक मात्रेचा. आणि हा नात्याचा योगायोग नाही. १९३०च्या दशकात जर्मनीत गेऱ्हार्ड श्राडर नावाचा रसायनशास्त्रज्ञ पिकावरची कीड मारायचं औषध शोधत होता. १९३६ साली त्याच्या हाताला टाबून हे सारिनसारखंच विष लागलं. प्रयोगशाळेत त्याचा थोडासा अंश सांडला तर त्याची आणि सहकाऱ्याची बुबुळं आकसली, श्वास अडकायला लागला. १९३८ मध्ये त्याच वाटेवर सारिन मिळालं. पुढं पॅराथिऑन हे कीटकनाशकही श्राडरच्याच कामातून आलं. शेताकडं निघालेल्या वाटेला मध्येच सैन्याकडं जाणारा फाटा फुटला होता, आणि दोन्ही वाटा आजपर्यंत वाहत्या आहेत.

पण मला वाऱ्याबद्दल बोलायचंय. फवारणी करणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, ब्लोअर कधी काढायचा? तो सांगेल, पहाटे नाहीतर दिवस मावळताना, वारं पडल्यावर. भर उन्हात जमीन तापलेली असते, हवा वर चढते, औषध पानावर बसायच्या आत उडून जातं. पहाटे गार असतं. हवा खाली बसते आणि औषधही तिच्यासोबत खाली बसतं. आमच्या बागेत धुक्यासारखा तो पांढरा फवारा मांडवाखाली रेंगाळलेला मी लहानपणापासून बघितलाय. आता घूताचा हल्ला बघा. २१ ऑगस्ट, पहाट. संयुक्त राष्ट्रांच्या तपास पथकानं आपल्या अहवालात त्या दिवसाच्या हवामानाची मुद्दाम नोंद केली आहे. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात तापमान उतरत होतं, म्हणजे हवा वरून जमिनीकडं येत होती, आणि अशा हवेत जड वायू जमिनीलगत राहून इमारतींच्या खालच्या भागांत शिरतो. तिथंच बरीच माणसं आसऱ्याला बसलेली होती. अहवालानं यामागचा हेतू सांगितलेला नाही. पण द्राक्षपट्ट्यात वाढलेल्या बाईला ती दोन वाक्यं वाचून जे समजायचं ते समजलं.

तिथं वारं फिरलं नव्हतं. तिथं वारं पडलेलं होतं.

ही तळघरांची गोष्ट मला सगळ्यांत जास्त छळते. कारण एक प्रश्न माझ्याही मनात होता: सीरियात लाखो माणसं मेली, त्यांतली बहुतेक साध्या गोळ्यांनी, तोफांनी, हेलिकॉप्टरमधून लोटलेल्या पिंपबॉम्बनी. मग जगानं एका वायूचाच एवढा निषेध का करावा? ज्याचं पोर पिंपबॉम्बनं गेलं त्या आईला या वर्गवारीशी काय देणंघेणं? या प्रश्नाला मी अजून पुरतं उत्तर देऊ शकत नाही. पण तळघरापाशी आलं की काहीतरी हाताला लागतं. बॉम्ब पडायला लागले की माणसं खाली जातात. दोन वर्षांच्या युद्धानं घूतातल्या पोराबाळांनाही तेवढं शिकवलं होतं. वायू आला की वर जायचं असतं, गच्चीवर, वाऱ्याकडं. म्हणजे जीव वाचवायचा जो धडा त्यांनी एवढे जीव घालवून शिकला, नेमका तोच त्यांच्यावर उलटला. लपलेल्याला शोधत जाणारं हत्यार आहे हे. झोपलेल्याला, तान्ह्याला, जमिनीवर रांगणाऱ्याला ते उंच, धडधाकट माणसाच्या आधी गाठतं. १९२५ च्या जिनिव्हा करारापासून माणसांनी यावर वेगळी रेघ मारली, ती उगाच मारली नव्हती असं मला वाटतं.

आता निषेधाबद्दल. घूताचा हल्ला झाला तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे तपासनीस दमास्कसमध्येच होते. अके सेलस्ट्रॉम यांचं पथक आधीच्या आरोपांच्या चौकशीसाठी तीन दिवसांपूर्वीच येऊन एका हॉटेलात उतरलं होतं. काही किलोमीटरवर माणसं तडफडत होती आणि त्यांना तिथं पोचायला २६ तारीख उजाडली. जातानाही त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तरी त्यांनी माती घेतली, रॉकेटचे तुकडे मोजले, रक्ताचे नमुने घेतले, आणि १६ सप्टेंबरला सांगितलं की सारिन भरलेली जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी रॉकेटं वापरली गेली याचा स्पष्ट पुरावा आहे. सरचिटणीस बान की मून यांनी याला युद्धगुन्हा म्हटलं. फक्त एक गोष्ट त्या पथकाला विचारण्याची आणि सांगण्याची परवानगीच नव्हती: कुणी? हत्यार वापरलं गेलं का, एवढंच त्यांनी बघायचं होतं. जगभर निषेध झाला, खरा झाला, अनेकांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ज्याचा निषेध करायचा ती जागा रिकामी होती.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. १६ मार्च १९८८ ला इराकच्या विमानांनी हलब्जा या कुर्दी गावावर वायू टाकला. वाचलेली माणसं सांगतात, आधी सफरचंदासारखा गोड वास आला. सुमारे पाच हजार माणसं मेली. त्या मे महिन्यात सुरक्षा परिषदेनं ठराव केला, रासायनिक हत्यारांच्या वापराचा जोरदार निषेध केला, आणि इराक व इराण दोघांनीही यापुढं असं करू नये अशी अपेक्षा व्यक्त केली. दोघांनीही! तेव्हा सद्दाम हुसेन पुष्कळांच्या उपयोगाचा होता. त्याचं नाव घ्यायला कुणालाच परवडत नव्हतं. सद्दामचा चुलतभाऊ अली हसन अल माजिद याला हलब्जासाठी फाशी झाली ती जानेवारी २०१० मध्ये. तोवर त्या सफरचंदांच्या वासात आई गमावलेली पोरं स्वतः आईबाप झाली होती.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झाला होता. २०१३ च्या गणपतीत सगळे जमलेले, आरती झालेली, प्रसादाची वाटणी चाललेली. थोरले मामा म्हणाले, "अमेरिकेचं काय खरं मानायचं? इराकात हत्यारं हायती म्हणून घुसले, सापडलं का काय?" त्यांचं चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. २००३ च्या त्या खोट्यानं पुढच्या कितीतरी खऱ्यांचा जीव घेतला. ब्रिटनच्या संसदेनं २९ ऑगस्टला सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला तेव्हा सभागृहावर इराकचीच सावली होती. पण मामांच्या त्या वाक्यानं चर्चा तिथंच संपली, सगळे जेवायला उठले, आणि घूतातली पोरं कुणाच्याच खात्यावर न मांडता राहून गेली. एका सरकारच्या खोटेपणानं दुसऱ्या सरकारला असं मोकळं सोडावं, हे मला त्या दिवशी पटलं नाही आणि आज तर मुळीच पटत नाही. शंका घ्यावी, जरूर घ्यावी, पण मग माती तपासेपर्यंत थांबावं.

त्याच वर्षी जुलैमध्ये, घूताच्या जेमतेम महिनाभर आधी, बिहारमध्ये छपऱ्याजवळच्या शाळेत दुपारचं जेवण जेवून २३ मुलं मेली होती. तेलात मोनोक्रोटोफॉस होतं. याच कुळातलं विष. आणि २०१७ साली आपल्याच यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चेचा मोठा भाग त्यांनी मास्क का घातला नव्हता यावरच खर्च झाला. युद्ध वेगळं आणि अपघात वेगळा, हे मला कळतं. मारायचं ठरवून मारणं आणि बेपर्वाईनं मरू देणं यांना मी एका मापात टाकत नाही. पण मेलेल्याभोवती जमलेल्यांची नाव घेतानाची चुळबुळ मला दोन्हीकडं सारखीच दिसते.

घूतानंतर खूप काही घडलंही. सुरक्षा परिषदेनं २७ सप्टेंबर २०१३ ला ठराव केला, सीरिया रासायनिक अस्त्रबंदी करारात सामील झाला, सुमारे १,३०० टन रसायनं देशाबाहेर काढली गेली, त्यांतली सगळ्यांत घातक भूमध्य समुद्रात केप रे नावाच्या जहाजावर नष्ट केली. रासायनिक अस्त्रबंदी संघटनेला त्या वर्षीचं शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याकडंही असा साठा होता. भारतानं तो १९९७ मध्ये स्वतःहून जाहीर केला आणि २००९ पर्यंत संपवला. अशा गोष्टी होऊ शकतात. म्हणूनच मला ४ एप्रिल २०१७ चा धक्का जास्त बसला. सीरियातलंच खान शेखून, पुन्हा सारिन, ऐंशीहून जास्त मृत्यू, पुन्हा त्याच रांगा. सगळं दिलं म्हणून सांगितलेलं सगळं दिलेलं नव्हतं. त्या आधीपासून क्लोरीन तर चालूच होता. क्लोरीनवर बंदी घालता येत नाही, तो पाणी शुद्ध करायला लागतो. बंदी असते ती हत्यार म्हणून वापरण्यावर. २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत गल्लोगल्ली क्लोरीनची टीसीएल पावडर मारली होती, चिखलावर, उंबऱ्यांवर, भिजून फुगलेल्या गाद्यांच्या ढिगावर. तो डोळ्यांत झोंबणारा वास आला की आम्हाला बरं वाटायचं. साथ येणार नाही, कुणीतरी आपली काळजी घेतंय. क्लोरीनचा हल्ला झालेल्या सीरियातल्या दूमामधल्या एखाद्या बाईला तोच वास आल्यावर काय वाटत असेल, हा विचार तेव्हा पूर आलेल्या घरात उभी असताना मनात आला आणि मी नाक दाबून बाहेर आले.

मधल्या काळात जगानं एक शहाणपणाचं काम केलं होतं. २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेनं एक संयुक्त तपास यंत्रणा नेमली आणि तिला पहिल्यांदा तो प्रश्न विचारायची मुभा दिली: कुणी? तिनं उत्तरं दिली, आणि दोन्ही बाजूंना दिली. क्लोरीनच्या काही हल्ल्यांसाठी सीरियाचं सरकार, सीरियातल्या मारेआमधल्या मस्टर्ड वायूसाठी इस्लामिक स्टेट. खान शेखूनच्या सारिनमध्ये जे रासायनिक अवशेष सापडले ते सरकारी साठ्यातल्या कच्च्या मालाशी जुळत होते. मातीतच बाटलीचं लेबल सापडावं तसं झालं. जबाबदार म्हणून सीरियाच्या सरकारचं नाव लिहिलं गेलं. आणि नेमक्या त्याच सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१७ मध्ये, रशियानं एकापाठोपाठ नकाराधिकार वापरून त्या यंत्रणेची मुदतवाढ अडवली. नुसता निषेध चार वर्षं चालून गेला होता. नाव घेतल्यावर मात्र दार बंद झालं. निषेधाला खरा दात कुठं फुटतो ते मला यातून समजलं. पुढच्या जूनमध्ये सदस्य देशांनी ८२ विरुद्ध २४ मतांनी अस्त्रबंदी संघटनेलाच गुन्हेगार ओळखण्याचा अधिकार दिला तेव्हा सांगलीतल्या कुठल्या चौकात फटाके वाजले नाहीत, पण मी ती बातमी कापून ठेवली. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेनं दूमाबद्दल सांगितलं की ७ एप्रिल २०१८ ला सीरियाच्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरनं क्लोरीनची दोन पिवळी सिलिंडरं टाकली आणि ४३ माणसं मेली. मेलेल्यांची नावानिशी ओळख पटलेली होती. पाच वर्षांनी, पण आकड्याच्या मागं नावं आली.

नावं लिहून ठेवायचं काम कुणीतरी आधीच सुरू केलं होतं म्हणून ती आली. रझान झैतूना ही दमास्कसची वकील. युद्धात कोण मेलं, कुणाला उचललं, याची नोंद ठेवणारी संस्था तिनं उभी केली. घूताच्या हल्ल्यानंतर ती आणि तिचे सहकारी दवाखान्यांत आणि दफनभूमीत फिरून साक्षी घेत, मृतांची नोंद करत होते. डिसेंबर २०१३ मध्ये तिला तिच्या तीन साथीदारांसह दूमामधून पळवून नेलं. तो भाग तेव्हा सरकारविरोधी सशस्त्र गटांच्या ताब्यात होता. म्हणजे जिनं सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद याच्या सैन्याचे गुन्हे लिहिले तिला असदच्या शत्रूंच्या गावातून नाहीसं केलं. नोंद ठेवणारी बाई कुणालाच नको असते. बारा वर्षं उलटून गेली, तिचा ठावठिकाणा लागलेला नाही. तिच्याबद्दल वाचताना माझ्या डोळ्यांसमोर तिचा चेहरा येतच नाही, एक वही येते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पॅरिसच्या तपास न्यायाधीशांनी घूताच्या हल्ल्यासाठी बशर अल असदच्या नावानं अटक वॉरंट काढलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची सत्ता कोसळली आणि तो रशियाला पळाला. जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानं ते वॉरंट रद्द केलं, कारण काढलं तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष होता आणि पदावरच्या राष्ट्रप्रमुखाला संरक्षण असतं. आता तो पदावर नाही, त्यामुळं नवं वॉरंट काढता येईल, हेही न्यायालयानंच सांगितलं. कायद्याची ही भाषा मला कोरडी वाटते आणि तरी मी तिच्याशिवाय दुसऱ्या कशावर भरवसा ठेवू शकत नाही. क्षेपणास्त्रं डागून झाली. खान शेखूननंतर अमेरिकेनं सीरियाच्या एका हवाई तळावर ५९ डागली, आणि वर्षभरात दूमा झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की आरोपपत्रात एकट्या असदचं नाव पुरणार नाही. हुकूम कुणी दिला, रसायन कुणी मिसळलं, रॉकेटं कुणी भरली, त्या रात्रीचा हवामानाचा तक्ता कुणी पाहिला, या सगळ्यांची नावं हवीत. आणि खटला पॅरिसमध्ये चालण्यापेक्षा दमास्कसमध्ये चालावा, अरबीत चालावा, म्हणजे घूतातल्या झमल्काच्या बायकांना साक्षीला जायला कुणाचा व्हिसा लागणार नाही.